लगद्यावर चढलेलं सोनं

बर्लिनहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, निम्म्याहून थोडं पुढे, लुडविग्जलुस्ट नावाचं छोटं शहर आहे. वस्ती बारा हजारांच्या आसपास. भोवती सपाट, रेताड मुलूख आणि पाइनची रानं. अशा ठिकाणी एवढा मोठा राजवाडा असेल याची कल्पनाच येत नाही. पर्यटकांसाठीच्या माहितीत त्याला ‘उत्तरेकडचं व्हर्साय’ म्हणायची पद्धत पडली आहे. या कौतुकाने वाड्याचं नुकसानच झालं आहे, असं मला वाटतं. व्हर्सायचं माप लावलं की लुडविग्जलुस्ट प्रत्येक बाबतीत धाकटं आणि अपुरं दिसू लागतं. मग माणूस भराभर दालनं पाहून बाहेर पडतो. कवितेसारखं एखाद्या इमारतीचंही रसग्रहण करायचं, तर तिने स्वतः काय मांडलं आहे तिथून सुरुवात करायला हवी. या वाड्याने जे मांडलं आहे ते व्हर्सायच्या बापजन्मात मांडता आलं नसतं. कारण व्हर्सायकडे पैसा होता.

हकिगत थोडक्यात अशी. मेक्लेनबुर्ग-श्वेरीन ही उत्तर जर्मनीतली एक मध्यम वकुबाची डची. तिथल्या ख्रिस्टियान लुडविग नावाच्या राजपुत्राला शिकारीचा नाद होता. क्लेनो नावाच्या खेड्याजवळ त्याने १७३१ ते १७३५ या काळात योहान फ्रीडरिख क्युनेके या वास्तुकाराकडून शिकारीचा बंगला बांधून घेतला. पुढे तो ड्यूक झाला आणि १७५४ साली त्याने या जागेला ‘लुडविग्जलुस्ट’, म्हणजे लुडविगचा आनंद, असं नाव दिलं. चित्रांचा तो मोठा शौकीन होता. फ्रेंच चित्रकार झाँ-बाप्तिस्त उद्री याने क्लारा नावाच्या गेंड्याच्या मादीचं जवळजवळ खऱ्या आकाराचं चित्र १७४९ साली काढलं. ते विकत घेणारा हाच ड्यूक. क्लारा मूळची आसामची. बंगालमधून एका डच कप्तानाने तिला जहाजातून युरोपात नेलं आणि गावोगाव फिरवलं. ते चित्र आजही श्वेरीनच्या संग्रहालयात आहे, आणि या घराण्याच्या कहाणीत आपल्या बाजूचं कोणी आहे तर ती ही बिचारी गेंडीण.

ख्रिस्टियान लुडविग १७५६ साली वारला आणि मुलगा फ्रीडरिख गादीवर आला. इतिहासात त्याला ‘धर्मशील फ्रीडरिख’ म्हणतात. त्याच वर्षी सात वर्षांचं युद्ध सुरू झालं. प्रशियाच्या फौजांनी मेक्लेनबुर्ग व्यापलं आणि माणसं, धान्य, घोडे, रोकड असं जे जे मिळेल ते खंडणी म्हणून नेलं. युद्ध संपलं तेव्हा मुलूख खंक झाला होता. अशा अवस्थेत या ड्यूकने राजधानी श्वेरीनहून उचलून बापाच्या शिकारीच्या बंगल्यापाशी आणली. निर्णय शहाणपणाचा होता असं कोणी म्हणणार नाही. पण तो अमलात कसा आला, कोणत्या क्रमाने आला, हे बघण्यासारखं आहे.

पहिलं काम पाण्याचं झालं. रेताड जमिनीत पाणी ठरत नाही. श्ट्योर नदीपासून ऱ्योग्निट्स नदीपर्यंत २८ किलोमीटरचा कालवा १७५६ ते १७६० या काळात, म्हणजे ऐन युद्धात, खणला गेला. दुसरं काम देवळाचं. योहान योआखिम बुश या दरबारी वास्तुकाराने १७६५ ते १७७० या पाच वर्षांत दरबारचं चर्च उभं केलं. राजाच्या स्वतःच्या घराला हात लागला तो १७७२ साली, आणि १७७६ पर्यंत ते पुरं झालं. तोपर्यंत ड्यूक जुन्याच बंगल्यात राहत होता. नवा वाडा झाल्यावर तो बंगला पाडून टाकला. आधी पाणी, मग देव, शेवटी राजा. लुडविग्जलुस्टची जमिनीवरची मांडणी याच क्रमाने वाचत गेलं की गाव उलगडू लागतं.

मांडणी साधी आहे. एका सरळ रेषेच्या एका टोकाला वाडा आणि दुसऱ्या टोकाला चर्च. दोन्ही इमारती एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. मधे मोकळं मैदान, पाण्याचं तळं, आणि वाड्यासमोर कालव्याच्या पाण्याचा रुंद, बुटका, दगडी धबधबा. धबधब्यावर दोन नद्यांच्या मूर्ती पहुडलेल्या आहेत. श्ट्योर आणि ऱ्योग्निट्स, ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं त्या. गंगा-यमुना दाराशी असण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे लगेच पटतं. दरबाराने आपलं ऋण ज्या ठिकाणी नोंदवायचं त्या ठिकाणी, ऐन दारासमोर, नोंदवलं आहे. त्या काळच्या बहुतेक राजवाड्यांत देऊळ वाड्याच्या एखाद्या बाजूला बसवलेलं असतं. राजा आतल्या आत, पायऱ्या उतरून प्रार्थनेला जातो. इथे राजाला वाड्याबाहेर पडून, पाणी ओलांडून, सगळ्या गावाच्या देखत समोर चालत जावं लागे. फ्रीडरिख पराकोटीचा भाविक होता. गादीवर येताच त्याने श्वेरीनमधली दरबारी नाटक मंडळी बंद केली. रोस्टॉकच्या विद्यापीठातल्या धर्मशास्त्र्यांशी खटका उडाला म्हणून ब्युट्सोला वेगळं विद्यापीठ काढलं. अशा माणसाच्या गावात वाड्याच्या दर्शनी खिडक्यांतून दिसणारी गोष्ट चर्च असणार, हे ओघानंच आलं.

चर्चचा चेहरा ग्रीक देवळासारखा आहे. जाडजूड सहा खांब, वर त्रिकोणी माथा, त्याच्याही वर ख्रिस्ताचं आद्याक्षरी चिन्ह आणि चार सुवार्तिकांचे पुतळे. एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते आणि काय ते लवकर ध्यानात येत नाही. या चर्चला मनोराच नाही. घंटा टांगायला पुढे थोड्या अंतरावरच्या दफनभूमीच्या दाराशी दोन वेगळे मनोरे बांधले, तेही इजिप्ती धाटणीचे. मला यात बुशची नजर दिसते. मनोरा असता तर चर्च वाड्यापेक्षा उंच होऊन रेषेचा तोल गेला असता. आता दोघं समोरासमोर, एकाच पायरीवर बोलायला बसल्यासारखे वाटतात.

वाड्याच्या दर्शनी भागाला साक्सनीतल्या एल्ब नदीकाठचा फिका वालुकाश्म आहे. हा दगड केवळ वरचं आवरण आहे. आत सगळं बांधकाम विटांचं. दगड परदेशातून विकत आणायचा, विटा घरच्या. म्हणून जिथे नजर पडते तिथे दगड आणि बाकी वीट, असा हिशेब. चेहरा बराच गंभीर आहे. खिडक्यांच्या सरळ ओळी, मधला भाग थोडा पुढे काढलेला, दारापुढे खांबांचा मंडप. अभिजात वळणाची चाहूल त्यात आहे, तरी अंगात बरोकचा भरदारपणा शिल्लक आहे. दोन युगांच्या सांध्यावरची इमारत आहे ही, आणि सांधा लपवायचा प्रयत्न केलेला नाही. गच्चीच्या कठड्यावर मात्र दाटी आहे. बोहेमियाहून आलेल्या रुडोल्फ काप्लुंगर या शिल्पकाराने तिथे माणसापेक्षा मोठे ४० पुतळे उभे केले. ते आहेत शास्त्रांचे, कलांचे आणि सद्गुणांचे. विद्येच्या ओळखीच्या खुणा हातात धरलेल्या त्या आकृती आभाळाच्या पार्श्वभूमीवर खालून बघताना या ड्यूकचा दुसरा चेहरा दिसतो. त्याला यंत्रांचं आणि शास्त्रांचं मनापासून वेड होतं. भक्ती आणि भौतिकशास्त्र त्याच्या घरात सुखाने नांदत.

आता आत. जिना चढून मधल्या मजल्यावर गेलं की सोनेरी दालन लागतं. दोन मजल्यांच्या उंचीचं, पांढरं आणि सोनेरी. भिंतींना लागून करिंथियन धाटणीचे प्रचंड खांब, त्यांच्या माथ्यावर कुरळ्या पानांचे गुच्छ, वर पट्ट्यापट्ट्यांनी नक्षी, फुलांच्या माळा, चेहरे, फिती. सगळ्यावर सोनं. डोळे दिपावेत यासाठीच हे केलेलं आहे आणि ते दिपतात. मग कोणीतरी सांगतं की ही नक्षी दगडाची नाही, लाकडाची नाही, चुन्याचीही नाही. ती कागदाची आहे.

याला ‘लुडविग्जलुस्टचं कार्टोन’ म्हणत. ड्यूकच्या कचेऱ्यांतून निघालेली रद्दी, म्हणजे निकाली निघालेल्या फायली, जुन्या नोंदी, हिशेबाचे कागद, हा कच्चा माल. त्याचा लगदा करायचा, पिठाची खळ घालायची आणि साच्यात थर दाबत जायचं. वाळलं की साच्यातून सोडवायचं, तुकडे जोडायचे, घासून गुळगुळीत करायचं, मग लेप, रंग, वर्ख किंवा व्हार्निश. आपल्याकडे आज्या रद्दी भिजवून, किडा लागू नये म्हणून तीत मेथी वाटून घालून टोपल्या लिंपायच्या. त्याच जातीचं हे काम. इथे मात्र त्याला राजाश्रय मिळाला आणि अनेक वर्षांच्या सरावाने ते एवढ्या थराला गेलं की चांगलं व्हार्निश दिलेले पुतळे उघड्या हवेतही टिकत. या कारखान्याचं नाव जोडलं जातं ते योहान गेओर्ग बाखमान याच्याशी. तो दरबारातला चाकर होता. प्राचीन रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती, थोरामोठ्यांचे अर्धपुतळे, मेजावर मांडायच्या शोभेच्या वस्तू, असं बरंच काही इथे तयार होऊन बाहेरही विकलं जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखाना बंद पडला.

पुष्कळ लेखांत या कार्टोनचा उल्लेख गरिबीची हुशारी म्हणून, हलकं हसू आणून केलेला असतो. संगमरवर परवडेना म्हणून कागद वापरला, झालं. ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. सोनेरी दालनातल्या खांबाच्या माथ्याकडे जरा वेळ बघावं. त्या पानांचा बाक, एकामागून एक उलगडत जाणारी त्यांची टोकं, खालून पडणाऱ्या उजेडात वर्खावर उठणारी कड, यात कुठेही घाई नाही की ‘चालवून घ्या’ असा भाव नाही. दगडाच्या कारागिराची बरोबरी करायची म्हणून हे केलेलं असेलही. पण लगद्याला स्वतःची एक मऊ, भरीव गोलाई असते. ती इथल्या माळांना आणि फितींना शोभून दिसते. शिवाय कागद हलका. एवढी नक्षी दगडात कोरून छताजवळ टांगायची म्हटलं असतं तर भिंतींची जाडी आणि खर्च दोन्ही कुठल्या कुठे गेले असते. कागदामुळे वास्तुकाराचे हात मोकळे झाले. बुशने त्या मोकळेपणाचा पुरेपूर उपयोग केला आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या कागदांवर आधी काहीतरी लिहिलेलं होतं. कुणाच्या साऱ्याचा हिशेब, कुणाचा अर्ज, कुणाच्या जमिनीचा तंटा. मेक्लेनबुर्गमधला शेतकरी त्या काळी भूदास होता. जमीनदाराच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे. हाच फ्रीडरिख १७६९ साली आपल्या राज्यातून कैद्यांचा छळ करून जबानी घेण्याची पद्धत बंद करतो, आणि तो जर्मन राजांतल्या पहिल्या काहींपैकी एक ठरतो. भूदासपण मात्र त्याच्या हयातीत हलत नाही. ते कायद्याने जायला १८२० साल उजाडावं लागलं. वाड्याला लागलेला पैसा आणि वाड्याला लागलेला कागद, दोन्ही अखेर त्याच माणसांच्या कष्टांतून आले. दालनाच्या सौंदर्याला याने बाध येतो असं मी म्हणणार नाही. पण वर्खाखाली काय आहे हे कळल्यावर ते दालन अधिक खोल होतं. कुठल्याही संगमरवरी दालनात मालकाचं नाव तेवढं असतं. इथे भिंतींच्या नक्षीत एका सबंध मुलुखाचे कागद मुरलेले आहेत.

वाड्यात मेदिचीच्या प्रसिद्ध व्हीनसची कार्टोनमधली प्रतिकृती आहे. प्राचीन रोमन इमारतींचे, कॉर्कमधून कोरलेले छोटे नमुनेही आहेत. त्या काळी इटलीला जाऊन आलेल्यांना असे नमुने घरी ठेवायची हौस असे. म्हणजे कागदाची व्हीनस, बुचाचं रोम. या घराण्याला साध्या वस्तूंचा संकोच नव्हता.

चर्चच्या आतही हेच चालू राहतं, आणखी मोठ्या प्रमाणावर. वेदीमागची सबंध भिंत एका चित्राने व्यापली आहे. क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस मीटर. विषय येशूच्या जन्माची वार्ता मेंढपाळांना कळते तो. वर ढगांचा आणि देवदूतांचा कल्लोळ, खाली रात्री जागणारी गरीब माणसं. डीट्रिख फिंडोर्फ या दरबारी चित्रकाराने ते सुरू केलं. तो १७७२ साली गेला आणि चित्र तसंच राहिलं. योहान हाइनरिख झुरलांड याने ते पुरं केलं १८०३ साली. मधे तीस वर्षं. फ्रीडरिख १७८५ साली वारला आणि त्याला याच चर्चमध्ये पुरलं. चित्र पुरं झालेलं त्याने पाहिलं नाही. नाट्यगृहाच्या पडद्यासारखं हे चित्र समोर उलगडतं, आणि नाटकावर बंदी घालणाऱ्या माणसाने आपल्या देवळात एवढा मोठा देखावा उभा करवला, हे विसंगत वाटू शकतं. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्याला देखाव्याचं वावडं नव्हतं. देखावा कशाचा, याबद्दल तो हट्टी होता.

संगीताबद्दलही तसाच. नाटक गेलं, पण दरबारी वाद्यवृंद राहिला आणि भरभराटीला आला. धार्मिक संगीतासाठी लुडविग्जलुस्टचं नाव झालं. पुढच्या ड्यूकच्या अमदानीत, १७८९ साली, आंतोनियो रोझेत्ती हा बोहेमियाचा संगीतकार वालरश्टाइनची नोकरी सोडून इथे वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून आला. नाव इटालियन करून घेतलेला हा मूळचा आंतोन र्‍योस्लर. डिसेंबर १७९१ मध्ये प्रागला मोत्सार्टच्या स्मरणार्थ जी प्रार्थना झाली, तीत वाजवला गेलेला रिक्विएम याचा. त्यानंतर वर्षभराच्या आत, १७९२ च्या जूनमध्ये, तो स्वतः इथेच वारला. त्याचं संगीत आज फारसं ऐकू येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्याच्या हॉर्न कंचेर्टोंमधला मोकळा, रानातला आनंद या गावाला फार जुळतो.

बागेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिचं आजचं रूप नंतरचं आहे. पेटर योझेफ लेने याने १८५० च्या दशकात ती इंग्रजी वळणावर नव्याने आखली. शंभराहून अधिक हेक्टरांच्या त्या झाडीत एक समाधी आहे ती रशियाच्या झार पावेल पहिला याच्या मुलीची, येलेना पावलोव्हनाची. इथल्या युवराजाशी तिचं लग्न झालं आणि १८०३ साली ती गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. बागेतलंच कॅथलिक चर्च तिच्या नावाच्या संत हेलेनाला वाहिलेलं आहे.

राजधानी १८३७ साली पुन्हा श्वेरीनला गेली. लुडविग्जलुस्ट उन्हाळ्यातलं मुक्कामाचं ठिकाण झालं आणि गावाची वाढ थांबली. शहराचा दर्जाही त्याला राजधानी गेल्यानंतर चाळीसएक वर्षांनी, १८७६ साली मिळाला. आज वाड्यापासून निघणारा रुंद रस्ता, दुतर्फा विटांची एकसारखी घरं, मैदानाभोवतीची जुनी बांधणी असं बरंच शाबूत दिसतं, त्याचं कारण हेच. श्रीमंती आली असती तर ते पाडलं गेलं असतं.

आणि याच मांडणीच्या मध्यावर, वाडा आणि चर्च यांच्या दरम्यानच्या जागेत, मे १९४५ मध्ये २०० माणसं पुरली गेली. गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर व्योबेलिन इथे छळछावणी होती. ती जेमतेम दहा आठवडे चालली आणि तेवढ्यात हजाराहून अधिक कैदी भुकेने आणि रोगाने मेले. अमेरिकेच्या ८२ व्या हवाई डिव्हिजनचे सैनिक २ मे रोजी तिथे पोहोचले. त्याच दिवशी जर्मन सेनानी टिपेल्सकिर्श याने लुडविग्जलुस्टच्या वाड्यात जनरल गॅव्हिन याच्यापुढे शरणागती पत्करली. ७ मे रोजी अमेरिकनांनी गावातल्या प्रतिष्ठितांना आणि सामान्य नागरिकांना या प्रेतांसमोर उभं केलं आणि दफन त्यांच्याच हातून करवून घेतलं. जागा मुद्दाम निवडलेली होती. गावाने इथून पुढे वाड्याकडून चर्चकडे जाताना या कबरींजवळूनच जावं, यासाठी. फ्रीडरिखने आखलेली राजापासून देवाकडे जाणारी रेषा तेव्हापासून आणखी कुणाच्या तरी समोरून जाते. या वाड्याचं कुठलंही वाचन ही जागा गाळून पुरं होऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासवर्णनांत ती बहुतेकदा एका ओळीत आटोपलेली असते.

युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या काळात वाड्यात जिल्ह्याची प्रशासकीय कचेरी थाटली गेली. कचेरीच्या रद्दीतून ज्याचं सोनं उभं राहिलं होतं, त्या वाड्यात पुन्हा टेबलं, कपाटं आणि फायली आल्या. १९८६ पासून तो श्वेरीनच्या संग्रहालयाकडे आला आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर दुरुस्तीचं मोठं काम सुरू झालं. पूर्वेकडची बाजू पुरी होऊन २०१६ साली लोकांसाठी उघडली. कागदाचा शत्रू ओल. छत गळलं, भिंत पाणी पिऊ लागली, की दगडाच्या आधी लगदा सुटतो. तरी जवळजवळ अडीचशे वर्षं हे कार्टोन जागच्या जागी उभं आहे.

ज्याला हे गाव पाहायचं आहे त्याने स्टेशनवरून येऊन थेट वाड्यात शिरू नये. आधी चर्चमध्ये जावं, फिंडोर्फ-झुरलांडच्या मेंढपाळांसमोर थोडा वेळ बसावं, बाहेर येऊन मधल्या कबरींपाशी थांबावं, मग दोन नद्यांच्या मूर्ती आणि पाणी पाहून वाड्याचा जिना चढावा. सोनेरी दालनात अधूनमधून संगीताच्या मैफिली होतात. त्यात रोझेत्ती वाजणार असेल तर तिकीट आधीच काढून ठेवावं.